रुआपेहूवर पहिल्यांदा स्कीइंगला जाताय? आधी वारा बघा, मग बुकिंग करा

न्यूझीलंडला, त्यातून ऑकलंडला नवीन आलेल्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितोय. जून संपत आला की ऑफिसात सोमवारी सगळे लाल नाकं घेऊन येतात आणि "वीकेंडला डोंगरावर होतो" म्हणतात, मग आपल्यालाही वाटतं जावं, पोरांना बर्फ दाखवावा. आम्हालाही वाटलं. मी नाशिकचा, बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा, त्यापलीकडे अनुभव शून्य. पहिल्या वर्षी शाळेच्या सुट्टीतला शनिवार धरला, मोटेल बुक केलं (पैसे परत न मिळणारं, कारण वीस डॉलर स्वस्त होतं), चौघांचे लिफ्ट पास (उतारावर वर नेणाऱ्या तारेवरच्या खुर्च्यांचं तिकीट) काढले, साडेचार तास गाडी चालवून गेलो आणि सकाळी साडेसहाला फोनवर बघतोय तर जोरदार वाऱ्यामुळे वरच्या सगळ्या लिफ्ट बंद. खाली आडवा पाऊस. दोन्ही पोरं गाडीत रडतायत, मी तिखट-मिठाच्या पुऱ्या खातोय आणि बायको म्हणते, "यापेक्षा पावसाळ्यात कळसूबाईला गेलो असतो, निदान वर तरी पोचलो असतो."

त्यानंतर आता सहा हिवाळे झाले. स्की अजूनही बेताचंच येतं पण ट्रिप कशी आखायची ते नीट कळलंय, तेवढंच सांगतो.

१. आधी हा डोंगर कसा आहे ते समजून घ्या

रुआपेहू २७९७ मीटर, नॉर्थ आयलंडमधला सगळ्यात उंच डोंगर, आणि जिवंत ज्वालामुखी. माथ्यावर गरम पाण्याचं क्रेटर लेक आहे आणि त्याच डोंगराच्या उतारावर स्कीइंग चालतं. हे ऐकून आमच्या आईने फोन ठेवला होता, पण ते पुढे येईल.

कळसूबाई १६४६ मीटर. इथे गाडी लावून तुम्ही जिथे उतरता तो कारपार्कच साधारण १६०० मीटरवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर गाडी लावायची आणि तिथून वर जायचं. आणि हा डोंगर एकटा उभा आहे, आजूबाजूला त्याच्या तोडीचं आडोसा द्यायला काही नाही, पश्चिमेला टास्मान समुद्र, तिकडून येणारं वादळ थेट अंगावर. स्कीफील्डवर एक झाड नाही. युरोपातले व्हिडिओ बघून देवदारांच्या मधून सुळकन जाणारी माणसं डोक्यात असतील तर ते काढून टाका, इथे काळा लाव्हा, घळी, कडे आणि त्यावर बर्फ. झाडं नाहीत म्हणजे वारा अडत नाही, आणि ढग उतरला की नजरेला धरायला काहीच उरत नाही. वाऱ्याबरोबर आलेलं धुकं लिफ्टच्या तारांवर, खांबांवर, खुर्च्यांवर गोठून बसतं, त्याला इथे राईम म्हणतात, आणि स्वच्छ ऊन पडलेल्या सकाळीसुद्धा तिथली माणसं आधी तासन्‌तास तो बर्फ ठोकून काढत असतात. त्यामुळे "आकाश निळं आहे, मग लिफ्ट बंद का?" असं काउंटरवरच्या पोरीशी भांडू नका. मी भांडलोय. तिने खिडकीतून खांबाकडे बोट दाखवलं. तो खांब पांढऱ्या पिसांच्या झाडूसारखा दिसत होता.

सगळं नियोजन या एका गोष्टीवरून करायचं. बर्फ किती पडलाय हा प्रश्न दुसरा, वारा किती आहे हा पहिला.

२. कुठल्या बाजूला जायचं ते ठरवा

दोन मोठी स्कीफील्ड आहेत. उत्तर-पश्चिम उतारावर फाकापापा (लिहिताना इंग्रजीत डब्ल्यू-एच असतं, म्हणताना फ, माओरी उच्चार आहे, पहिल्यांदा म्हणताना सगळ्यांनाच हसू येतं, मग सवय होते). आणि दक्षिण-पश्चिम उतारावर तूरोआ, त्याच्या पायथ्याचं गाव ओहाकुने. पूर्वेला तुकिनो म्हणून तिसरं छोटं क्लब फील्ड आहे पण तिथल्या रस्त्याला फोर व्हील ड्राइव्ह लागते, नवख्यांनी नाव काढू नये.

अगदी पहिल्यांदा जाणाऱ्यांना आणि ज्यांच्याबरोबर भारतातून आलेले आई-बाबा आहेत त्यांना मी फाकापापा सांगतो. कारण दोन. एक, तिथली हॅप्पी व्हॅली ही शिकणाऱ्यांची जागा खोलगट आहे, मुख्य उतारापासून वेगळी, वरचा डोंगर वाऱ्याने बंद असला तरी ती बऱ्याचदा चालू राहते, आणि कृत्रिम बर्फही बनवतात त्यामुळे सीझनच्या सुरुवातीला तिथेच आधी उघडतं. दुसरं, स्काय वाका नावाचा गंडोला, २०१९ मध्ये सुरू झाला, १.८ किलोमीटरचा, काचेच्या डब्यात बसून साधारण २००० मीटरवरच्या कॅफेपर्यंत जाता येतं, स्की न करता. आमच्या आईने साडीच्या आत थर्मल आणि वर माझं जॅकेट अशा वेषात तिथे वर बसून चहा प्यायलाय आणि "साखर कमी आहे" एवढाच अभिप्राय दिलाय.

तूरोआ थोडं शिकल्यावर. लांब, रुंद, सलग उतार, वरची हाय नून चेअरलिफ्ट २३२२ मीटरपर्यंत नेते. नवख्यांसाठी तिथेही अल्पाइन मेडो आहे. आणि ओहाकुने हे गाव जास्त जिवंत आहे, खायला-प्यायला मिळतं, गावाच्या तोंडाशी भलंमोठं गाजर उभं केलंय कारण इथे गाजरं पिकतात. पोरांचा पहिला फोटो तिथेच होतो.

सापळा: २०२२ मध्ये दोन्ही फील्ड चालवणारी कंपनी आर्थिक अडचणीत आली, आणि आता दोन बाजू दोन वेगळ्या कंपन्या चालवतात. जुने लेख वाचून "एकाच पासवर दोन्हीकडे" असं धरून जाऊ नका. ज्या बाजूला जायचं त्याच बाजूच्या वेबसाइटवर पास काढा, आणि कुठल्या लिफ्ट यंदा चालू आहेत तेही तिथेच बघा, जुना नकाशा डाउनलोड करून ठेवू नका.

३. एक तारीख धरू नका

सीझन साधारण जूनअखेर ते ऑक्टोबर. पण जूनअखेर म्हणजे बहुतेक वेळा फक्त शिकणाऱ्यांची पट्टी. वरचा डोंगर जुलैत हळूहळू उघडतो. बर्फाची खोली ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चांगली असते. जुलैतल्या शाळेच्या दोन आठवड्यांच्या सुट्टीत जाऊ नका, गर्दी सगळ्यात जास्त आणि बर्फ सगळ्यात बेभरवशाचा. मला विचाराल तर ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबर, आणि जमलं तर आठवड्याच्या मधले दिवस.

माझी पद्धत सांगतो. बॉसला आधीच सांगून ठेवतो की ऑगस्टच्या शेवटच्या दोन आठवड्यांत मी कुठलेतरी दोन दिवस सुट्टी घेईन, कुठले ते तीन दिवस आधी सांगेन. इथले बॉस याला हो म्हणतात, कारण अर्धे स्वतः हेच करतात. हे शक्य नसेल तर निदान तीन रात्रींचा मुक्काम ठेवा आणि त्यात एक दिवस स्कीचा मिळाला तर मिळवलं म्हणा. एका दिवसात जाऊन येऊन करणारे लोक आहेत, पहाटे दोनला निघून, पण लहान मुलं घेऊन आणि काळोखात बर्फाळ रस्त्यावर परत साडेचार तास गाडी, हे मी सांगणार नाही.

४. हवामानाचा अंदाज कसा वाचायचा

फोनवरचं साधं वेदर ॲप तुम्हाला गावातलं हवामान सांगतं. ते बंद करा. मेटसर्व्हिसच्या (इथलं हवामान खातं) साइटवर डोंगरांसाठी वेगळा अंदाज असतो, त्यात टोंगारिरो नॅशनल पार्क निवडा, रुआपेहू त्यातच येतो. त्यात तीन गोष्टी बघायच्या.

वारा: डोंगरावरच्या उंचीचा वारा वेगळा दिलेला असतो. माझा ठोकताळा असा की ताशी ३० किलोमीटरपर्यंत मजा, ३० ते ५० म्हणजे चालेल पण पोरं कुरकुरणार, आणि ६० च्या वर गेला तर वरच्या चेअरलिफ्टची आशा सोडायची. हा नियम कुठे लिहिलेला नाही, माझा आहे, पण फारसा चुकलेला नाही. अंगाला काय लागतं त्याचा हिशोब वेगळा, हवा उणे ५ असली आणि वारा ५० चा असला की कातडीला उणे १५ सारखं वाटतं. चेअरलिफ्टवर तुम्ही दहा मिनिटं हलत नाही, हे लक्षात ठेवा.

दिशा: दक्षिणेचा वारा असेल तर तूरोआ त्याच्या तोंडावर असतं आणि फाकापापा डोंगराच्या आड. उत्तर-पश्चिमेचा असेल तर तो ओला असतो आणि फाकापापाची पंचाईत. अर्थात वारा डोंगराला वळसा घालून कुठूनही येतो, त्यामुळे हे गणित अर्धंच समजा.

फ्रीझिंग लेव्हल: म्हणजे कुठल्या उंचीवर शून्य अंश. ती २५०० मीटर असेल आणि पाऊस सांगितला असेल तर अख्ख्या स्कीफील्डवर पाऊसच, बर्फ नाही. आणि त्या पावसानंतर रात्री थंडी पडली की सकाळी सगळा उतार काचेसारखा. नवख्या माणसासाठी तो दिवस सगळ्यात वाईट, पडलं की लागतं.

एक नमुना मात्र डोक्यात ठेवा: वादळ येऊन गेलं, मागून थंड दक्षिणेचा वारा आला, बर्फ पडला, मग हवेचा दाब वाढून एक-दोन दिवस शांत. ते एक-दोन दिवस पकडायचे. आमचे पोरं आता टीव्हीवरचा नकाशा बघून सांगतात, "बाबा, गुरुवारी हाय प्रेशर येतंय."

बरोबर न्यूझीलंड अव्हलांच ॲडव्हायजरीची साइट आणि जिओनेटची साइटही उघडून ठेवा. पहिल्यावर हिमस्खलनाचा धोका, दुसऱ्यावर ज्वालामुखीची पातळी. दोन मिनिटांचं काम.

५. बुकिंग: काय आधी आणि काय शेवटी

राहायची जागा आधी, पण रद्द करता येणारीच. ते वीस डॉलर जास्त जातात ते जाऊ द्या, माझ्या चुकीची फी समजा. ओहाकुने, नॅशनल पार्क व्हिलेज किंवा फाकापापा व्हिलेज. तिन्हीकडे नाही मिळालं तर तूरांगी. कपडे वाळवायची खोली आहे का, हे फोन करून विचारा. ड्राइंग रूम म्हणतात, पहिल्यांदा मला वाटलं चित्रकलेची खोली. ओले हातमोजे दुसऱ्या दिवशी सकाळी ओलेच घालणं यासारखं दुःख नाही.

लिफ्ट पास सगळ्यात शेवटी, अंदाज बघून, एक-दोन दिवस आधी. आणि रिफंडचे नियम वाचा: "वरचा डोंगर बंद पण खालची एक लिफ्ट चालू" याला बऱ्याच ठिकाणी "डोंगर चालू" असंच धरतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी पूर्ण डोंगराचा पास काढूच नका. नवख्यांचं पॅकेज असतं, त्यात खालच्या लिफ्टचा पास, एक शिकवणी आणि साहित्य येतं. तेवढंच तुम्हाला लागणार आहे. "वर जाऊन एकदा बघू" म्हणून महाग पास घेतलेले माझे तीन मित्र बसून खाली उतरलेत, अक्षरशः बसून, पार्श्वभागावर.

स्की, बूट, पोल, हेल्मेट भाड्याने घ्या, आदल्या संध्याकाळी गावातल्या दुकानातून. सकाळी डोंगरावरच्या काउंटरला रांग लागते आणि तुमची शिकवणी त्या रांगेत उभी असतानाच सुरू होऊन जाते.

बूट घेताना दोन मिनिटं नीट द्या, बाकी काही चुकलं तरी चालेल. फक्त एक मोजा, पातळ आणि लांब, घोट्याच्या बराच वर जाणारा. थंडी वाजेल म्हणून दोन मोजे घालू नका, पाय आवळतो, रक्त फिरत नाही आणि उलट जास्त गारठतो. थर्मलची पँट बुटात खुपसू नका, तिची घडी नडगीवर इतकी रुतते की दुपारी तुम्ही रडाल. उभे राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, गुडघा पुढे वाकवला की बोटं जरा मागे सरकली पाहिजेत, आणि टाच मात्र उचलता आली नाही पाहिजे. दुकानदार वजन विचारेल, खरं सांगा. बायकोसमोर दहा किलो कमी सांगू नका. पडल्यावर स्की पायातून किती जोराने सुटणार ते त्या वजनावरून लावतात, आणि ती नको तेव्हा सुटली किंवा हवी तेव्हा सुटली नाही तर गुडघा तुमचाच आहे.

६. कपडे

जीन्स नको. हे एकच वाक्य पाठ केलं तरी पुष्कळ. सुती काहीच नको, बनियनसुद्धा. सुती कापड घामाने ओलं होतं, वाळत नाही, मग वारा लागला की गेलात. आत थर्मल किंवा मेरिनो, मध्ये फ्लीस, वर वारा आणि पाणी दोन्ही न घेणारं जॅकेट-पँट. जॅकेट-पँट भाड्यानेही मिळते. आईने विणलेले लोकरीचे हातमोजे प्रेमाने घरी ठेवा, दहा मिनिटांत भिजतात, वॉटरप्रूफ घ्या आणि मुलांसाठी जादा जोडी. मफलर नको, लिफ्टमध्ये अडकतो, गळ्याभोवतीचा नेक वॉर्मर घ्या. साधा गॉगल नको, स्कीचा बंद गॉगल घ्या, कारण वाऱ्यात उडणारे बर्फाचे कण डोळ्यांत वाळूसारखे टोचतात.

सनस्क्रीन. आपल्याला वाटतं आपण सावळे, आपल्याला काय होतंय. ऊन बर्फावरून उलटं वर येतं, माझी हनुवटीची खालची बाजू आणि नाकपुड्या भाजल्या होत्या, आठवडाभर शिंकताना देव आठवायचा.

७. गाडी, रस्ता आणि चेन

ऑकलंडहून हॅमिल्टन, ते-कुइटी, तौमारुनुई, मग स्टेट हायवे ४ ने नॅशनल पार्क व्हिलेज. ३४० किलोमीटरच्या आसपास. तौमारुनुईला पेट्रोल भरा. डिझेल गाडी असेल तर उलटं करा, ऑकलंडला टाकी फुल करू नका, डोंगराजवळच्या पंपावर भरा, कारण तिथे थंडीत न गोठणारं डिझेल मिळतं. आमच्या ओळखीतल्या एकाची गाडी सकाळी सुरूच होईना, डिझेल घट्ट झालेलं.

तूरोआचा डोंगर रस्ता ओहाकुनेपासून १७ किलोमीटर, फाकापापाचा व्हिलेजपासून वर त्याहून बराच लहान. दोन्हीकडे बर्फ पडला की चेनशिवाय (टायरवर चढवायच्या साखळ्या) वर सोडत नाहीत. चेन भाड्याने मिळतात, टायरवर लिहिलेला साइझ (१९५/६५ आर १५ असं काहीतरी) फोटो काढून न्या. चेन लावायची ती इंजिनची ताकद ज्या चाकांना जाते त्यांना, बहुतेक छोट्या गाड्यांना पुढच्या. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर गाडीचं मॅन्युअल बघा.

आणि घरी ड्राइव्हवेमध्ये एकदा लावून बघा! खरंच सांगतो. चेन आधी सपाट पसरून गुंता काढायचा, चाकाच्या मागून घेऊन आतल्या बाजूचा हूक आधी लावायचा, तो दिसत नाही, हाताने चाचपून लावावा लागतो, मग बाहेरचा, मग ताणायची, चार-पाच मीटर गाडी पुढे घेऊन परत ताणायची. कोरड्या जागी दहा मिनिटं लागतात. चिखलबर्फात, अंधारात, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना मला पहिल्यांदा पन्नास लागली. भांडी घासायचे रबरी हातमोजे आणि गुडघे टेकायला जुनी सतरंजी डिकीत ठेवा, बाकी कुणी हे सांगत नाही. चेन लावल्यावर चाळीसच्या वर जाऊ नका, उतरताना खालच्या गिअरमध्ये या, ब्रेक दाबून धरू नका.

कारपार्कमध्ये सपाट जागी हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठून बसतो, गाडी गिअरमध्ये ठेवा. वायपर उचलून ठेवा. आणि उतरताना पहिलं पाऊल जपून, डोंगरावर माझं एकमेव खरं लागणं कारपार्कमध्येच झालंय.

सापळा: भाड्याच्या गाडीचा करार. काही कंपन्या स्कीफील्डच्या रस्त्यावर गाडी न्यायला किंवा चेन लावायला मनाई करतात, आणि ते बारीक अक्षरात असतं. आधी विचारा. नाही म्हणाले तर गाडी गावात ठेवा आणि शटल बसने वर जा. खरं तर पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी शटलच सांगेन.

८. बरोबर काय ठेवायचं

कागदपत्रं फार नाहीत:
- ड्रायव्हिंग लायसन्स (भारतातलं असेल तर इंग्रजीतलं)
- पास आणि राहायच्या बुकिंगचे स्क्रीनशॉट, वर नेटवर्क येतं-जातं
- पाहुण्यांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स, आणि त्यात स्कीइंग धरलंय का ते वाचून
- मुलांच्या आणि ज्येष्ठांच्या वयाचा पुरावा, सवलतीसाठी

अपघाताबद्दल: इथे एसीसी (सरकारी अपघात विमा योजना) आहे, अपघातात दुखापत झाली तर पाहुण्यांनाही उपचाराच्या खर्चात मदत मिळते. पण आजारपण, चुकलेलं विमान, रद्द झालेली ट्रिप हे एसीसी बघत नाही. म्हणून आई-बाबांचा इन्शुरन्स काढाच.

सामानात थर्मास, टॉर्च, गाडीत एक ब्लँकेट, कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड माणशी, फोनसाठी पॉवर बँक (थंडीत बॅटरी भराभर उतरते, फोन आतल्या खिशात ठेवा). खायला गूळपोळी आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या. गोठत नाहीत, हातमोजे घालून खाता येतात, आणि वरच्या कॅफेत रांगेत उभं राहावं लागत नाही.

९. प्रत्यक्ष दिवस

पहाटे सहा-साडेसहापासून स्कीफील्डचा त्या दिवसाचा रिपोर्ट येतो: रस्ता, चेन, लिफ्ट. तो बघितल्याशिवाय निघू नका. "विंड होल्ड" लिहिलं असेल तर लिफ्ट थांबवून ठेवलीय, वारा पडला तर उघडतील. अशा दिवशी दहापर्यंत खाली चहा पीत बसा. आठच्या सुमाराला वर पोचलात तर पार्किंग मिळतं, नऊला गेलात तर खालून चालत.

शिकवणी घ्याच. मी पहिल्या वर्षी "व्हिडिओ बघितलेत" म्हणून घेतली नाही. शिकवणारा पहिल्या तासात फक्त चार गोष्टी करून घेतो: एका पायात स्की घालून सरकणं, पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करून थांबणं (पोरांना पिझ्झा म्हणून सांगतात), पडणं आणि उठणं. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या करायच्या, आणि वरच्या अंगाला हात टेकून उठायचं. स्की खालच्या दिशेला असताना उठलात की उठता-उठताच निघता, मग ओरडण्याशिवाय हातात काही नाही.

वजन पुढे ठेवा. घाबरलं की माणूस मागे झुकतो आणि मागे झुकलं की वेग वाढतो, हे अंगात भिनायला मला दोन सीझन लागले.

हिरवे उतार नवख्यांचे, निळे मधले, काळे आपले नाहीत. पुढचा माणूस कसाही वळू शकतो, त्याला सांभाळायची जबाबदारी मागच्याची. आणि दुपारी तीनला थांबा. पाय थकलेले, बर्फावर सावली येऊन तो परत कडक होतोय, "शेवटची एक चक्कर" तेव्हाच महागात पडते.

१०. तीन गोष्टी ज्यात गंमत नाही

व्हाईटआऊट. ढग उतरला की आकाश आणि जमीन एकच पांढरं. आपण हलतोय का उभे आहोत हेही कळत नाही, मी एकदा उभा असताना पडलोय. खांबांच्या रांगेला धरून, हळूहळू, एकमेकांच्या नजरेत राहून खाली या. या डोंगरात घळी आणि कडे मार्गाच्या अगदी बाजूला असतात. म्हणूनच दोरी लावून बंद केलेल्या भागात कधीच जाऊ नका, दुसऱ्याच्या स्कीच्या खुणा दिसल्या तरी. हद्दीबाहेर जायचं तर हिमस्खलनाचं प्रशिक्षण आणि ट्रान्ससीव्हर (बर्फात गाडलेल्या माणसाचा सिग्नल शोधणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं लागतं, आणि हे सामान नुसतं असून भागत नाही, वापरता यायला हवं. स्की पेट्रोलचा (डोंगरावरच्या गस्त-बचाव पथकाचा) नंबर फोनमध्ये घाला, आणीबाणीला १११.

ज्वालामुखी. १९९५ आणि १९९६ च्या उद्रेकांनी स्कीचे सीझन बुडवले. २५ सप्टेंबर २००७ ला रात्री आठनंतर फारशी सूचना न देता उद्रेक झाला, क्रेटरजवळच्या निवाऱ्यात मुक्कामाला असलेल्या एका गिर्यारोहकाला पाय गमवावा लागला. लिफ्ट बंद झाल्यानंतरची वेळ होती म्हणून निभावलं. धोका मुख्यतः लाहारचा, म्हणजे क्रेटरचं पाणी, चिखल, दगड, बर्फ एकत्र होऊन घळीतून सुटणारा लोंढा. त्यासाठी भोंगे बसवलेत. भोंगा वाजला की घळीतून बाहेर पडून जवळच्या उंच धारेवर जायचं, खाली पळायचं नाही. आपली सहजवृत्ती खाली पळायची असते, म्हणून पोरांना आदल्या रात्री एकदा विचारून घ्या, "भोंगा वाजला तर कुठे?"

तिसरी गोष्ट, हा डोंगर स्थानिक माओरी लोकांसाठी पूर्वज आहे. १८८७ मध्ये ते-हेउहेउ तुकिनो चौथे या माओरी प्रमुखांनी इथली शिखरं सरकारकडे सोपवली, त्यातून न्यूझीलंडचं पहिलं नॅशनल पार्क उभं राहिलं. कचरा खाली आणा, परवानगीशिवाय ड्रोन उडवू नका, माथ्यावर जायचा हट्ट करू नका. आपल्याकडे गडावर पायरीला हात लावून वर जाणारे लोक आहोत आपण, हे वेगळं सांगायला नको.

११. परतताना

ऊन जुलैत पाचच्या सुमाराला संपतं आणि नॅशनल पार्क व्हिलेजचा भागच ८०० मीटरवर आहे, रस्त्यावर न दिसणारा काळा बर्फ धरतो. शक्यतो त्या रात्री तिथेच राहा, सकाळी ऊन आल्यावर निघा.

ओहाकुनेला राहिला असाल आणि वेळ असेल तर वाइउरूच्या दिशेने स्टेट हायवे ४९ वर तांगिवाईला थांबा. २४ डिसेंबर १९५३ च्या रात्री याच डोंगरावरच्या क्रेटर लेकमधून सुटलेल्या लाहारने रेल्वेचा पूल कमकुवत केला आणि वेलिंग्टनहून ऑकलंडला निघालेली गाडी नदीत गेली, १५१ माणसं गेली. रस्त्याच्या कडेला स्मारक आहे, नदी अगदी साधी दिसते, आपल्याकडच्या ओढ्याएवढी.

चेन परत देण्याआधी बागेच्या नळीने धुऊन वाळवा, ओल्या दिल्या तर काही दुकानं पैसे कापतात. भाड्याचे बूट, स्की त्याच संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आत टाका, नाहीतर आणखी एका दिवसाचं भाडं लागतं. आणि जॅकेटचे सगळे खिसे बघा, आमची घराची किल्ली भाड्याच्या पँटमध्ये ओहाकुनेलाच राहिली होती, ते हॅमिल्टनला आल्यावर लक्षात आलं.